पहिल्या नंबरचा प्रश्न

खासदार असताना तुम्ही काय काय केलंत, असं अजून कोणीतरी विचारतं. परवा नातीच्या शाळेतल्या बाईंनी विचारलं. मी म्हणालो, जेवलो. त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. गंमत कसली डोंबलाची! लग्नसराईत एकेका दिवसात पंधरा-सोळा मांडव असायचे. शिरायचं, फेटा बांधून घ्यायचा, माईकवर शुभाशीर्वाद द्यायचे, नवरदेवाच्या चुलत्याच्या आग्रहाखातर दोन घास खायचे आणि पुढच्या गावाला पळायचं. आमच्यासाठी थांबून मुहूर्त टळून गेलेला असायचा. नवरीची मावशी आमच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत असायची आणि तिचं काही चुकत नव्हतं.

लग्नांचं एक वेळ ठीक. खरी आमची कर्मभूमी म्हणजे दशक्रिया. आमच्या नाशिककडे दहाव्याला नुसता विधी नसतो. नदीकाठी मांडव पडतो, सतरंज्या अंथरतात, माईक लागतो. महाराजांचं प्रवचन झालं की पिंडाला कावळा शिवेपर्यंत पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं चालतात. कोण आलं, कोण नाही आलं, कोण कितव्या नंबरला बोललं, याची गावात वर्षभर उजळणी होते. मला राजकारणात आणणाऱ्या जुन्या नेत्यांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, ‘लग्न चुकलं तर माणसं रुसतात आणि विसरतात. दहावा चुकवलास तर ते घर तुझं राहत नाही.’ मी ते असं गाठीला बांधलं की दुसरं काही बांधायला जागाच उरली नाही.

तसं आमचं घर भाजीवाल्यांचं. नाशिकच्या कडेला, जिथे आता ओळीनं सोसायट्या उभ्या आहेत, तिथे आमची वांगी आणि मेथी असायची. वडील पहाटे सायकलला दोन्हीकडे पाट्या लावून मार्केटला जायचे. मार्केटातल्या भांडणांत मी तोंड घालायला लागलो, तोंड बरं चालतं असं लोकांच्या ध्यानात आलं आणि तिथून बाजार समिती, महापालिका असं करत करत नव्वदीच्या दशकात एकदम दिल्ली. तिकीट मिळालं तेव्हा बायको म्हणाली, ‘अहो, तुम्हाला हिंदी येतं का?’ मी म्हणालो, येईल. शेवटपर्यंत आलं नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलोय त्याच्याकडे येतो. तो माझा शाळेतला मित्र, सुरगाण्याकडचा. डोंगरातल्या पाड्यावरून शिकायला नाशिकला आला होता आणि बोर्डिंगात राहायचा. रविवारी संध्याकाळी बोर्डिंगात चूल पेटत नसे, म्हणून तो आमच्याकडे जेवायला यायचा. सुट्टीवरून परतताना नागलीचं पीठ घेऊन यायचा. माझी आई त्याच्या भाकरी थापायची आणि वर आमच्याच वांग्यांचं भरीत. बदल्यात त्यानं मला भूमिती शिकवली. प्रमेय मला कधी कळलं नाही, पण कुठे काय लिहायचं ते त्यानं घोटून घेतलं आणि मी मॅट्रिक पास झालो. पुढे तो शिक्षक झाला आणि हट्टानं आपल्याच भागात परत गेला. मी इथे राहिलो. भेटी वर्षा-दोन वर्षांनी व्हायच्या.

मी निवडून आल्यावर एकदा संपर्क कार्यालयात लोकांची रांग होती. गॅसचं कनेक्शन, टेलिफोनचं कनेक्शन, पोराचा दाखला, कोणाची बदली. त्या रांगेत हा मागे पिशवी घेऊन उभा. मी ओरडलोच, ‘अरे तू रांगेत काय करतोस?’ तर म्हणाला, ‘काम आहे म्हणून रांगेत आहे. गप्पांना आलो असतो तर घरी आलो असतो.’

काम असं होतं. त्याची शाळा नदीच्या अलीकडे आणि निम्मी मुलं पलीकडच्या पाड्यांवरची. पावसाळ्यात नदी भरली की चार महिने पलीकडची मुलं घरी. दिवाळीनंतर येतात ती सगळं विसरून येतात आणि मुलींना तर घरचे परत पाठवतच नाहीत. पूल मंजूर झालेला, पण पुलाची आणि पुढच्या रस्त्याची जागा जंगलखात्याची. तिची परवानगी दिल्लीहून यावी लागते आणि ती फाईल दिल्लीत कित्येक वर्षं पडून होती. पिशवीतून त्यानं कागद काढले. एकेका पत्राची तारीख, जावक क्रमांक, उत्तर आलं की नाही, सगळं शाळेच्या हजेरीपटासारखं लिहिलेलं.

मी म्हणालो, ‘अरे पण सुरगाणा माझ्या मतदारसंघात नाही.’

‘मला माहीत आहे. पण दिल्लीत तू आहेस.’

मी आमच्या पीएंना बोलावलं आणि प्रश्न टाकायला सांगितला.

लोकसभेत प्रश्न विचारायची एक रीत आहे, ती सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. शेकडो खासदार प्रश्न पाठवतात. चिठ्ठ्या काढल्यासारखी त्यांतून निवड होते. रोजच्या यादीत वीस प्रश्न तोंडी उत्तरासाठी लागतात, पण तासाभरात चार-पाचच होतात, बाकीच्यांना छापील उत्तर मिळतं. तोंडी उत्तराची मजा वेगळी. मंत्री समोर उभा असतो, त्याला उपप्रश्न विचारता येतात, आणि सगळ्यांसमोर त्यानं ‘अमुक महिन्यात करू’ असं म्हटलं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. मग खात्याच्या मागे ते पुरं करण्याचं झेंगट लागतं. त्यामुळे वरचा नंबर लागणं म्हणजे नशीब. मी तोवर पुष्कळ प्रश्न पाठवले होते. कधी तेरावा नंबर लागायचा, कधी अठरावा. आणि हा पुलाचा प्रश्न पाठवला तर हिवाळी अधिवेशनात, एका मंगळवारी, पहिल्या नंबरला लागला.

मी स्वतः त्याच्या गावच्या पोस्टात फोन करून निरोप दिला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीनं नाशिकला हजर. इतका आनंदलेला मी त्याला मॅट्रिकच्या निकालालाही बघितलं नव्हतं. दोनशे पानी वहीत त्यानं तीन उपप्रश्न लिहून आणले होते, आणि मंत्री असं म्हणाला तर हे, तसं म्हणाला तर ते, अशा पायऱ्याही. तिसरा प्रश्न एका ओळीचा होता: नक्की कोणत्या महिन्यापर्यंत? ‘बाकी दोन राहिले तरी चालतील,’ म्हणाला, ‘हा तेवढा सोडू नकोस.’ मग आमच्या पुढच्या खोलीत बसून माझ्याकडून हिंदी घोटून घेतलं, अगदी भूमितीसारखंच. मी ‘मेरे को बताओ’ म्हणालो की तो कपाळाला हात लावायचा. बायको दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती.

जाताना म्हणाला, ‘एक मागू? मला ते बघायचंय.’ म्हणजे प्रेक्षकांच्या गॅलरीचा पास. मी म्हणालो, त्यात काय मोठं, दिल्लीतल्या आपल्या माणसाकडे तुझ्या नावचा पास ठेवतो. त्यानं रजा काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेनं दिल्लीला जायला रविवारी नाशिकरोडला गाडीत बसला. माझं सोमवारी संध्याकाळचं मुंबईहून विमान होतं.

सोमवारी सकाळी आमचे पीए डायरी घेऊन आले. हे गृहस्थ मोठे हुशार, त्यांच्या डायरीत तालुक्यातला एकेक सुतक-दहावा असायचा. म्हणाले, ‘साहेब, उद्या दहावा आहे.’ आणि गावाचं नाव सांगितलं. नाशिकपासून तासाभरावरचं मोठं गाव. तिथले जुने पुढारी वारले होते. मी लग्नांच्या गडबडीत अंत्यविधीलाही गेलो नव्हतो. पीए म्हणाले, ‘समोरची पार्टी सकाळपासून तिथे बसणार आहे. वारलेल्यांचे चिरंजीव परवा विचारत होते, खासदारांना आमच्या घरचा रस्ता माहीत नाही का म्हणून.’

‘उद्या माझा प्रश्न आहे हो.’

‘प्रश्नाचं लेखी उत्तर मिळतंच की साहेब. दहावा काही पुन्हा यायचा नाही.’

मी तासभर खोलीत येरझाऱ्या घातल्या, हे अगदी खरं सांगतो. वही टेबलावर होती. मी स्वतःशीच हिशेब मांडला. सुरगाण्यात मला मत देणारा एक माणूस नाही. या गावात तीन-चार हजार आहेत. सरकार आज पडतं की उद्या, अशी अवस्था, म्हणजे निवडणूक दारात. लेखी उत्तर मिळेलच. पुढच्या अधिवेशनात पुन्हा टाकू. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ‘लोकांनी तुम्हाला दिल्लीला कशाला पाठवलंय, नदीवर बसायला?’ मला राग आला. ‘तुला राजकारणातलं काय कळतं,’ असं तोडून बोललो. तिनं माझी भरलेली बॅग उचलली आणि कपडे परत कपाटात लावले.

तेव्हा मोबाईल कोणाकडे नव्हते आणि मित्र गाडीत होता. दिल्लीतल्या माझ्या माणसाला मी फोन केला. इथे मी जे केलं ते सांगताना आजही जीभ जड होते. त्याला म्हणालो, ‘मास्तर गेटवर येतील, त्यांना पास दे. साहेब कुठे आहेत म्हणून विचारलं तर सांग, पोचताहेत.’ खरं सांगितलं तर तो गेटवरच खचेल, एवढा लांब आला आहे तर निदान संसद तरी बघून जाऊ दे, असं मी स्वतःला समजावलं. खरी गोष्ट अशी की मला त्याचा पडलेला चेहरा नको होता, अगदी दुसऱ्याच्या डोळ्यांनीसुद्धा.

मंगळवारी दशक्रियेला अलोट गर्दी होती. मी पहिल्या रांगेत बसलो. वारलेल्या गृहस्थांना मी आयुष्यात दोनदा भेटलो होतो, त्यातही एकदा ते माझ्या विरोधात बोलले होते. अकराच्या सुमाराला सूत्रसंचालकानं घसा खाकरून पुकारलं, ‘आता आपले लोकप्रिय खासदार साहेब दोन शब्द बोलतील.’ मी उठलो. घड्याळाकडे नजर गेलीच. त्याच वेळी दिल्लीतही माझं नाव पुकारलं जात असणार. ‘तालुक्यावरचं छत्र हरपलं,’ असं काहीतरी बोललो. माझ्या भाषणात कावळा शिवला आणि लोक म्हणाले, बघा, साहेबांसाठीच थांबला होता आत्मा. मला तेव्हा बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. लपवून काय करू?

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या पेपरात माझा हात जोडलेला फोटो आला. दोन दिवसांनी छापील उत्तरही आलं: प्रस्तावात काही त्रुटी असल्यानं राज्य सरकारकडून माहिती मागवण्यात आली आहे. त्या उत्तराला कोणी ‘कधीपर्यंत’ म्हणून विचारलं नाही, कारण विचारणारा जागेवर नव्हता. नाव पुकारलं आणि सभासद नसला की पुढचा प्रश्न घेतात, सगळं मिळून पाच-दहा सेकंदांचं काम.

मित्राला मी लेटरहेडवर पत्र लिहिलं. मुंबईला धुकं होतं, विमान सुटलंच नाही, फार वाईट वाटलं, पुढच्या अधिवेशनात नक्की. मुंबईला धुकं! आता वाचलं की हसू येतं आणि लाज वाटते. आठवड्यानं त्याचं पोस्टकार्ड आलं. वर ‘माननीय खासदार साहेब यांस’ आणि खाली, ‘आपले पत्र पावले. आपण मनाला लावून घेऊ नये. प्रकृतीस जपावे.’ आमच्या घरी माझ्याच ताटात जेवलेला माणूस मला माननीय लिहीत होता. मी ते कार्ड बायकोला दाखवलं नाही.

पुढचं अधिवेशन धड झालंच नाही. सरकार पडलं, लोकसभा बरखास्त झाली आणि टाकलेले सगळे प्रश्न त्याबरोबर गेले. निवडणूक लागली. ज्यांच्या दहाव्याला मी गेलो होतो त्यांचे चिरंजीव समोरच्या पार्टीच्या स्टेजवर हार घालून बसलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले आणि त्या गावात मी मागे पडलो. बाकीच्या भागानं तारलं आणि थोडक्यात का होईना, पुन्हा निवडून आलो.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांदा गेलात ना, मग तेव्हा टाकायचा प्रश्न. बरोबर आहे. पाच वर्षं हातात होती. नाही टाकला. वही कपाटात होती. ती उघडायची म्हणजे त्याला बोलवायचं, समोर बसवायचं, आणि मग तो दिल्लीचा मंगळवार निघणार. तो येईल, मग बघू, असं मी म्हणत राहिलो. तो आला नाही. रांगेत मी कधी कधी मागची माणसं न्याहाळायचो. पीएंनी एकदा विचारलं, ‘साहेब, ते पुलाचे मास्तर हल्ली दिसत नाहीत?’ मी म्हणालो, ‘त्यांचं काम झालं असेल.’ इतकं सहज तोंडातून गेलं.

त्याच काळातली गोष्ट. दिंडोरीकडे आमच्या व्याह्यांची द्राक्षाची बाग आहे. गेलो होतो तेव्हा घडांची विरळणी चालली होती. बायका कात्र्या घेऊन घडातले जादा मणी काढत होत्या. सगळ्या सुरगाणा-पेठकडून आलेल्या. त्यांत सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी होती, तिचा हात इतका झरझर चालत होता की मी थांबलो. पुढाऱ्याची सवय, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ‘काय गं, किती शिकलीस?’

‘चौथी.’

‘पुढे का नाही?’

ती कात्री न थांबवता म्हणाली, ‘नदी आडवी यायची. मग आई नाय पाठवायची.’

मी गावाचं नाव विचारलं. पलीकडच्या पाड्यांतलाच एक पाडा होता, वहीत मी वाचलेला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, तुमचे सर चांगले होते ना. तर ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, ‘लय चांगले. पाणी जरा उतरलं की सर त्या काठावरून पाढे म्हणायचे, आम्ही या काठावरून. एकवीसपर्यंत येतात मला.’ शेजारची बाई म्हणाली, म्हणून दाखव की साहेबांना. ती लाजली. व्याही मला चहाला बोलवत होते. मी गेलो, चहा घेतला. त्या दिवशी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘मग जा की त्यांच्याकडे.’ तरीही मी गेलो नाही. माझ्यासारखा भित्रा माणूस दोनदा निवडून कसा आला, याचं मला आश्चर्य वाटतं.

तिसऱ्या खेपेला पडलो. चांगला आपटलो. कार्यालयातली रांग आठवड्यात आटली, पीए नव्या साहेबांकडे गेले, लग्नाच्या पत्रिका येत राहिल्या पण मुहूर्त थांबेनासे झाले. सकाळी पेपर वाचून झाला की काय करावं ते सुचायचं नाही. त्यातच एकदा आतल्या पानावर बातमी दिसली, सुरगाण्यातल्या त्या नदीवर पूल खुला. कोणीतरी पाठपुरावा केला होता, कोणाचं तरी नाव होतं, माझं नव्हतं. मी बायकोला म्हणालो, ‘चल, जाऊन येऊ.’ ती म्हणाली, ‘तुम्ही एकटेच जा.’

नव्या पुलावरून गाडी पलीकडे जायला अर्धं मिनिटही लागलं नाही. तो निवृत्त होऊन पलीकडच्या पाड्यावर राहायला गेला होता. ओट्यावर बसून भात पाखडत होता. मला बघून उभा राहिला. ‘साहेब! या, या.’ त्याच्या बायकोनं कोरा चहा आणला. आम्ही पावसाचं बोललो, गुडघ्यांचं बोललो, माझ्या आईच्या भरिताचं बोललो. मग मीच म्हणालो,

‘तेव्हा मी खोटं लिहिलं होतं तुला. विमान वगैरे काही नव्हतं.’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘परत आलो तेव्हा नाशिकच्या स्टँडवर पेपर घेतला होता. फोटो होता तुझा.’

‘मग शिव्या का नाही घातल्यास? आलास का नाही पुन्हा? मी सात-आठ वर्षं वाट बघितली रे.’

त्यानं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाला, ‘मीच तुला तोंड दाखवायला लाजत होतो. तिथे माझ्याकडून एक चूक झाली.’

मला काही कळेना. चूक? याची?

‘गेटवर तुझ्या माणसानं सांगितलं, साहेब पोचताहेत. मी वर जाऊन बसलो. अकराला सुरू झालं. पहिलंच तुझं नाव घेतलं. मी खाली बघतोय, तू कुठून उठतोस. कोणी उठेना. दुसऱ्यांदा नाव घेतलं. आता पुढचा घेतील असं दिसलं, आणि मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, थांबा जरा, येतोय तो, पोचतोच आहे.’

‘लोकसभेत?’

‘लोकसभेत. मराठीत.’ तो कसनुसं हसला. ‘दोघांनी दंडाला धरून बाहेर नेलं. एका खोलीत संध्याकाळपर्यंत बसवलं. कोणाच्या पासवर आलात, कशाला ओरडलात, कोणी शिकवलं, सारखं तेच. पासवर तुझी सही. मला वाटलं, आता याच्यावर बालंट येणार, याची खासदारकी जाते की काय. म्हणून त्यांनी सांगितलं तसा माफीनामा लिहून दिला. लिहिलं, सगळी चूक माझी, खासदारांचा याच्याशी काही संबंध नाही. पेपरात तुझा फोटो बघितला तेव्हा वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण तुला माझ्यामुळे बोलणी बसली असतील हे जास्त लागलं. कसा येणार मी तुझ्यासमोर?’

मला कोणी एक शब्द बोललं नव्हतं. विचारलंही नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं आणि तो म्हणाला, ‘बरं झालं. म्हणजे उपयोग झाला माफीनाम्याचा.’ आणि खरोखर त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. त्यानं चहा संपवला.

मी तिथेच ओट्यावर रडलो. साठी उलटलेला माणूस, पांढरे कडक कपडे, आणि हुंदके आवरेनात. माझ्यासाठी त्या सभागृहात उभा राहिलेला तो एकटा माणूस, त्याला हाताला धरून बाहेर काढलं, आणि त्या वेळी मी नदीवर माईक धरून एका परक्या माणसाचं गुणगान गात होतो. तो उठून आत गेला, पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या हातावर पाणी घालत म्हणाला, ‘तोंड धू. आणि आज इथेच जेव.’